बंदुकीच्या घोड्याला कोणतं तेल, अक्का?

अक्का, काल तुझी बंदूक ठाण्यात जमा करून आले. परवाना ज्याच्या नावाचा आहे तो माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, सरकारात द्यावी लागते, असं पोलीस पाटलाने सांगितलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, आणि मी नि तुझी सून वत्सला, आम्ही दोघी ती तुझ्याच वाकळीत गुंडाळून एस.टी.त बसलो. कंडक्टरने विचारलं, "एवढं लांबलचक काय हाये वं बाई ह्याच्यात?" वत्सलाने सरळ सांगितलं, "बंदूक हाये." त्याला वाटलं पोरगी चेष्टा करते. हसला आणि तिकिटं फाडून पुढे गेला. तू असतीस तर भर एस.टी.त वाकळ सोडून दाखवली असतीस.

शोकसभेत सगळे चांगलं बोलले. कष्टाळू होती म्हणाले, ते ठीक. मायाळू होती म्हणाले, तेव्हा मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडते. तू माझ्यावर जीव टाकायचीस हे खरं, पण मायाळू? मी अकोल्याहून यायचे तेव्हा तुझा पहिला शब्द "आलीस?" आणि दुसरा "जाय, पानी आन." मी शाळेत पोरींना शिवण शिकवणारी बाई, चारचौघांत मान असलेली. तुझ्या दारात मात्र मी नुसती कमी. कमल म्हणून तू मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

बंदूक भाऊजींची. लढाईवरून परत आले आणि मेळघाटाच्या पायथ्याशी तुमचं ते वावर कसायला लागले, तेव्हा पिकाच्या राखणीसाठी म्हणून त्यांनी परवाना काढला. साधी ठासणीची बंदूक. नळीत वरून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मागे ठिणगीची टोपी बसवायची आणि चाप ओढला की घोडा टोपीवर पडून बार निघायचा. भाऊजी छर्रे भरून डुकरं मारायचे. मग छप्पनच्या दसऱ्याला तुम्ही दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात आणि पंचशीलातलं पहिलं शील तुमच्या वावरातल्या माळ्याखाली येऊन उभं राहिलं. जीव घ्यायचा नाही. आणि ज्वारी तर दुधात आलेली, दाणा कोवळा, डुकरं टपलेली.

त्या रात्री काय बोलणं झालं ते तुम्हा दोघांनाच माहीत. मला एवढंच कळलं की छर्र्यांची पिशवी तू विहिरीत टाकलीस. त्यानंतर तुमची बंदूक नुसती दारूवर चालली. गाव हसलं. पोकळ बाराची बंदूक, म्हणाले. तू पाणी भरता भरता त्यांना ऐकवलंस, "डुक्कर काय इचारून राह्यलं काय, तुह्या बारात छर्रे हायेत का नाई म्हनून?" ते ऐकून भाऊजी इतके हसले होते की त्यांना ठसका लागला.

पण अक्का, नुसत्या आवाजावर राखण करायची म्हणजे आवाज चुकून चालत नाही. छर्रे भरणाऱ्याचा एक बार फुकट गेला तर दुसऱ्यात तो वसूल करतो. तुझा बार फुसका निघाला की कळप समजायचा, ही बाई नुसतीच ओरडते. म्हणून तू त्या नळीच्या मागे लागलीस ती जन्मभर. तुझ्या पोराच्या कानातला मळ तू कधी इतक्या बारकाईने पाहिला नाहीस.

पहिली खोड होती दारूची. आपल्याकडे ज्याला त्याला विहीर खोदायची आणि खाली काळा पत्थर लागला की सुरुंग लावायचे. मग सुरुंगवाल्याकडून उरलेली दारू मागून आणायची आणि बंदुकीत ओतायची, ही सगळ्या गावाची रीत. तूही एक हंगाम तेच केलंस. दोन-तीन बार झाले की गज आत जाईना. नळी आतून चुलीच्या धुराड्यासारखी, आणि पावसाळी हवेत त्या काळ्या काटाला पाणी सुटून त्याचा चिखल व्हायचा. टोपी फुटायची, पण तिची ठिणगी जिथून आत जाते ते बारीक भोकच बुजलेलं. टोपीचा टचकन आवाज, आणि पुढे काही नाही.

परतवाड्याचे करीमभाई, बंदुका दुरुस्त करायचे आणि परवान्यावर दारू विकायचे, त्यांच्याकडे आपण दोघी गेलो होतो. त्यांनी तुझ्या पुडीतली चिमूटभर दारू तळहातावर घेतली, बोटाने पसरली आणि म्हणाले, "बाई, ये कुएँ की दारू है. इसका काम पत्थर फोडना. सावकास जलती है, आधी जलती है, आधी तुम्हारे नली में रह जाती है." मग त्यांनी त्यांची दारू दाखवली, बारीक, एकसारख्या दाण्याची. तिचा बार काढला आणि पांढरी चिंधी नळीतून फिरवून तुझ्या हातात दिली. राखुंडीसारखा करडा डाग. तू ती चिंधी घरी घेऊन आलीस. मी विचारलं, "हे काहून?" तर म्हणालीस, "गावाले दाखवा लागीन." दाखवलीस. कुणी ऐकलं नाही, आणि त्याचं तुला अजिबात वाईट वाटलं नाही.

धुण्याचं भाऊजींनी शिकवलं होतं. पलटणीत असताना ते बार झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे. दारूचा जो खार राहतो तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. नुसतं तेल पुसलं तर खाली लोखंड सडत राहतं. शेजारणी बघायला जमल्या होत्या. लोखंडात पाणी घालते, येडी झाली. तू आधणाचं पाणी ओतायचीस, पुन्हा ओतायचीस, नळी हाताला चटका देण्याइतकी गरम झाली की चिंधीने कोरडी करायचीस. मी म्हणायचे, बाळंतीण झाली का गं तुझी बंदूक?

आणि मग तेलाचं भांडण, आपलं खास. आधी नळीचं सांगते, कारण तिथे तू जिंकलीस आणि ते मी तेव्हाच मान्य केलं होतं. माझं म्हणणं असं की माझं शिवणाचं मशीन दिवसभर चालतं ते मशीनच्या तेलावर, तर बंदुकीला काय धाड भरली? तू माझ्या बाटलीतलं तेल बोळ्याला लावून बार काढलास. नळीत डांबर झालं. चिकट, काळं, गज ओढता ओढता आपण दोघी भुईवर आपटलो. तू बसल्या जागी इतकी हसलीस की तुला उठता येईना. मग सेमाडोहाकडून बाजारात येणाऱ्या कोरकू बाईकडून तू मोहाच्या बियांचं तेल घेतलंस, जे हिवाळ्यात तुपासारखं थिजतं, त्यात पोळ्यातलं मेण वितळवून मलम केलंस आणि बोळ्याला ते चोपडायला लागलीस. त्यानंतर नळीतला काट मऊ राहायला लागला, पुढच्या बोळ्याबरोबर निघून यायला लागला. तुला ते कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही. विचारलं तर म्हणायचीस, "अक्कल हाये मले."

पण घोड्याच्या कळीचं काय? ती लोखंडी पट्टीच्या आतली कमान, जिच्या जोरावर घोडा पडतो, तिला तू जवसाचं तेल द्यायचीस. आपल्याकडे जवस म्हणजे काय विचारतेस. चटणीला जवस, बैलाला जवस, गाडीच्या लाकडाला जवस, मग बंदुकीलाही जवस. दस्त्याच्या लाकडाला ते फार चांगलं, तो आजही तुकतुकीत आहे. पण लोखंडाच्या सांध्यात जवसाचं तेल उन्हाळाभर राहिलं की त्याचा डिंक होतो. वैशाखात मी चाप ओढून पाहिला तर घोडा म्हैस बसते तसा सावकाश खाली आला. मी म्हटलं, "अक्का, ह्यानं टोपी फुटत नाही." तू म्हणालीस, "फुटते." मी म्हटलं, "मशीनचं तेल लाव, इथं ते डांबर नाही होणार, इथं दारूच नाही." तू म्हणालीस, "तुह्या तेलानं नळीत काय केलं ते पाह्यलं म्या." त्यानंतर मी दर खेपेला अकोल्याहून एक बाटली आणायचे आणि तू दर खेपेला सांगायचीस की मागची दाराच्या बिजागरीला घातली.

भाऊजी तापाने गेले, आणि त्या दुःखातून डोकं वर काढायच्या आत परवान्याचा प्रश्न उभा राहिला. श्रावणात परवाने तपासणाऱ्या साहेबांचा मुक्काम गावच्या शाळेत पडला. सगळ्या परवानेवाल्यांनी बंदुका घेऊन यायचं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. तुझ्याकडे पाहून समजुतीने म्हणाला, "बाई, बंदूक जमा करा. मुलगा मोठा झाला की त्याच्या नावाने अर्ज करा." तुझा आनंद तेव्हा शाळेत बाराखडी गिरवत होता. तू म्हणालीस, "साहेब, माहा पोरगा मोठा होयेपर्यंत डुक्कर थांबते काय?" लोक हसले. साहेब हसला नाही. त्याने विचारलं, "चालवता येते?" तू म्हणालीस, "येते." तो म्हणाला, उद्या सकाळी सगळ्यांच्या बंदुका वाजवून पाहू. तुमची वाजली तर बघतो, नाही वाजली तर जमा.

मी त्याच सांजेला पोचले होते. झड लागलेली, अंगणात चिखल. तू चुलीजवळ बसून मला म्हणालीस, "कमे, बंदूक गेली त वावर गेलं. वावर गेलं त तुह्या खोलीत येऊन बसा लागीन मले." तुझ्या आवाजात भीती मी तेवढी एकदाच ऐकली. माझी खोली लहान होती म्हणून नव्हे, अक्का. तू कुणाच्या खोलीत बसणारी बाई नव्हतीस. मी पिशवीतून तेलाची बाटली काढून तुझ्यासमोर ठेवली. भांडले नाही, एवढंच म्हटलं, "आजच्या दिवस ऐक." तू तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "ठेव तिथं," म्हणालीस. मग बंदूक घेऊन आतल्या खोलीत गेलीस आणि दार लोटून घेतलंस. मी भाकरी थापत बसले आणि आतून काही आवाज येतो का ते ऐकत राहिले.

सकाळी शाळेपुढे सगळे रांगेत. पाऊस भुरभुर चालू. पहिल्याची टोपी फुटली, बार नाही. दुसऱ्याच्या नळीत गज अडकून बसला आणि तो निघेपर्यंत साहेबाने चहा घेतला. तिसऱ्याची वाजली. मग तू. पदर खोचलेला, बंदुकीच्या कळीवर मेणकापडाचा तुकडा. तू घाई केली नाहीस. नळी कोरड्या चिंधीने पुसलीस, नुसती टोपी फोडून आतलं भोक वाळवून घेतलंस, मग दारू, मग बोळा, मग गज. मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून पाहत होते. घोडा पडला. बार असा निघाला की लिंबावरचे कावळे उडून पलीकडच्या मोहल्ल्यात गेले. साहेब म्हणाला, "परत." तू परत वाजवलीस. "परत." परत. गज एकदाही अडला नाही. मग त्याने नळीच्या तोंडात करंगळी घालून पाहिली आणि बाजूच्या कारकुनाला म्हणाला, "परवाना बाईंच्या नावाने चालू ठेवा."

आपल्या वस्तीतली एक बाई, कपाळ मोकळं, हातात बंदूक, आणि समोर पोकळ बार म्हणणारं सगळं गाव. मी तुला तेव्हा मिठी मारायला हवी होती. त्याऐवजी मी काय विचारलं? "घोड्याला कोणतं लावलंस?" आणि तू काय म्हणालीस? "पडला ना घोडा? मंग झालं." बंदूक खांद्यावर टाकून तू घराकडे चालायला लागलीस, मी चिखलातून मागे.

तेव्हापासून आपलं हे भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे माझं तेल, तू म्हणायचीस जवस. आनंदच्या लग्नात भर मांडवातसुद्धा "जवस" म्हणालीस. वत्सला नवी नवरी, तिला कळेना ह्या दोघी कशावरून हसतात. कळीला तू कुणाला हात लावू दिला नाहीस, तिलाही नाही. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा तुझा आवाज बसला होता. मी उशीपाशी वाकून म्हटलं, "आता तरी सांग." तू डोळे मिटलेले ठेवूनच ओठांत हसलीस. मग म्हणालीस, "ज्वारी दुधात आली असन." आपलं शेवटचं बोलणं हे.

तुझा मला अभिमान होता, अक्का. अजून आहे. मी शाळेत पोरींना काज कसं करायचं ते दाखवताना मध्येच तुझं सांगायचे. माझी बहीण बंदूक चालवते, आणि ती इतकी नीट चालवते की तिच्या हातून आजवर एक जीव गेला नाही आणि एक बार चुकत नाही. पोरींचे डोळे मोठे व्हायचे. अकोल्यात माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला तू माहीत होतीस. फक्त तुला हे माहीत नव्हतं, कारण तुझ्यासमोर आले की मी भांडायला लागायचे.

आता ठाण्यातलं ऐक. वत्सला बाहेर अर्ज लिहून घ्यायला गेली होती, मी एकटीच जमादारासमोर. वयस्क माणूस, हत्यारांची खोली त्याच्याकडे. त्याने नळीत चिंधी फिरवली, पाहिली, बाजूला ठेवली. मग घोडा उचलून पाडला. मग पुन्हा. मग त्याने स्क्रू काढून कळीची पट्टीच उघडली आणि मला जवळ बोलावलं. "हे पाहा बाई. सगळे लोक जवसाचं घालून डिंक करून आणतात. इथं शिलाई मशीनचं तेल आहे." मी वाकून वास घेतला. मशीनपाशी माझा जन्म गेला तो ज्या वासात, तो वास, मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. स्क्रूच्या खाचेत कुठेतरी जुना पिवळा डिंक राहिला होता, सुईने खरवडल्याच्या खुणा होत्या. त्या सांजेला आत बसून खरवडलास की नंतर केव्हा, ते मला आता कळणार नाही. आणि तुझं दार, अक्का, ते तर कायम कुरकुरायचं. इतक्या बाटल्या बिजागरीत घातल्या म्हणायचीस, आणि ते दार पार मळ्यापर्यंत ऐकू जायचं. मला कसं नाही सुचलं? मी जिंकले होते. जमादारासमोर उभी राहून मी रडले आणि त्याला वाटलं मला हत्यार सोडवत नाही. त्याने पाणी मागवलं.

त्याने विचारलं, "कोण ठेवत होतं हे एवढं नीट?" मी म्हटलं, "माझी मोठी बहीण." मोठ्याने म्हटलं, पलीकडच्या खोलीतल्यांनाही ऐकू जाईल असं.

वत्सला अर्ज घेऊन आत आली. परवाना तिच्या नावाने हवा म्हणून. तुझा आनंद धामणगावला रेल्वेत आहे, तो म्हणतो वावर विकून टाकू, कोण राखत बसणार. ही म्हणाली, मी राखीन. तुम्हा सासूसुनांत हे आधी बोलणं झालं होतं की नाही मला माहीत नाही, पण तिने पदर खोचला होता तुझ्यासारखाच. जमादाराने सांगितलं की साहेब बोलावतील, वाजवून दाखवावी लागेल, एका बाराने काही ठरत नाही. ती म्हणाली, "दाखवतो की."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. रिकामी वाकळ तिच्या मांडीवर. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, दाणा भरत आलेला. मग तिने मला विचारलं, "मावशी, बंदूक परत भेटली का मंग मले सगळं करा लागीन. नळीचं मले येते. पन घोड्याले कोनतं तेल लावाचं? आत्याबाईनं त कदी सांगतलंच नाई."

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली, अक्का. तुला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायचं मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

"शिलाई मशीनचं," मी म्हटलं. "तुह्या सासूनंच शोधून काढलं होतं ते. मले बी तिनंच सांगतलं."